तार ताणली की नौका बदलली? : शिडाच्या नौकांवरील आधारदोरांच्या दैर्घ्यवृद्धीचा इतिहास

१. विषयाचे स्वरूप

शिडाच्या नौकेवर दोन जातींचे दोर असतात. पहिल्या जातीचे दोर शिडे चढविण्या-उतरविण्यासाठी व वाऱ्याच्या रोखाप्रमाणे फिरविण्यासाठी असतात. ते सतत हलत असतात. दुसऱ्या जातीचे दोर हलत नाहीत. डोलकाठीच्या माथ्यापासून नौकेच्या दोन्ही बाजूंना, पुढे नाळेकडे आणि मागे वरांडीकडे ते घट्ट ओढून बांधलेले असतात आणि डोलकाठी उभी ठेवणे एवढेच त्यांचे काम असते. ह्या दुसऱ्या जातीच्या दोरांना प्रस्तुत लेखात आधारदोर म्हटले आहे. पूर्वी ते वाखाचे असत, पुढे लोखंडी तारेचे झाले, आणि आज बहुसंख्य क्रीडानौकांवर ते अगंज पोलादाच्या, म्हणजे नेहमीच्या बोलीतील स्टेनलेस स्टीलच्या तारांचे असतात.

ह्या तिन्ही काळांत खलाशांच्या तोंडी एक तक्रार कायम राहिली आहे. आधारदोर आज घट्ट करावेत, तर काही दिवसांनी ते सैल पडलेले आढळतात. ‘दोर ताणला’ असे म्हणून खलाशी ते पुन्हा आवळतो. वाखाची तार झाली, लोखंडाचे अगंज पोलाद झाले, तरी वाक्य तेच राहिले. फक्त दोराच्या जागी तार हा शब्द आला. हे वाक्य प्रत्येक काळी कितपत खरे होते, ह्याचा शोध घेणे हा ह्या लेखाचा हेतू आहे. प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु भर समुद्रात डोलकाठी कोसळणे म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो क्षुल्लक वाटणार नाही. सैल पडण्याचे कारण चुकीचे ठरविले की उपायही चुकीचाच होतो.

२. वाखाचा काळ

१२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका पाण्यात उतरली. जमशेटजी बमनजी वाडिया ह्यांच्या देखरेखीखाली सागवानी लाकडात बांधलेली ही नौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन करण्यात आली असून ती अद्याप पाण्यावर तरंगत आहे. तिच्या काळच्या कोणत्याही युरोपीय धाटणीच्या जहाजाप्रमाणे तिचे आधारदोर हेंपचे, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या वाखाचे, डांबरात मुरविलेले असे होते. आपल्या कोकणच्या गलबतांवर काथ्याचे दोर वापरीत. काथ्या वाखापेक्षाही अधिक लांबतो; परंतु त्या गलबतांची शिडांची रचनाच वेगळी असल्यामुळे येथे त्यांचा विचार केलेला नाही.

वाखाचा दोर ही एक प्रकारे सजीव वस्तूच होय. पाणी प्यायला की त्याचे तंतू फुगतात आणि दोर आखूड होतो. उन्हात वाळला की पुन्हा सैलावतो. डांबरामुळे हा दोष कमी होई, परंतु नाहीसा होत नसे. ह्याखेरीज नवा दोर पहिल्या काही आठवड्यांत मोठ्या प्रमाणात लांबे. त्यामुळे बंदर सोडल्यानंतर थोड्याच दिवसांत सर्व आधारदोर पुन्हा ओढून घेणे हा जहाजावरील नित्यक्रम होता. त्यासाठी प्रत्येक आधारदोराच्या खालच्या टोकाला तीन भोकांचा एक गोल लाकडी ठोकळा बांधलेला असे, तसाच दुसरा ठोकळा जहाजाच्या अंगाशी पक्का केलेला असे, आणि दोहोंच्या भोकांतून एक बारीक दोर ओवलेला असे. हा ओवणदोर ओढला की आधारदोर घट्ट होई. डेव्हिड स्टील ह्यांनी १७९४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दोर वळण्यापासून जहाज सजविण्यापर्यंतच्या साऱ्या क्रिया तपशीलवार दिल्या आहेत. तो चाळताना आधारदोर पुनःपुन्हा आवळणे ही त्या काळी दुरुस्ती मानली जात नसून जहाज चालविण्याचाच एक भाग मानली जात होती, हे ध्यानात येते.

दोर का लांबतो, ह्याचा शास्त्रशुद्ध विचार करणाऱ्यांत कॅप्टन जोसेफ हडार्ट (१७४१–१८१६) ह्यांचे नाव अग्रभागी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत जहाजाचे कप्तान असलेल्या ह्या गृहस्थांनी दोर वळण्याच्या प्रचलित पद्धतीतील एक मूलभूत दोष हेरला. दोराची लड वळताना तिच्यातील सर्व सूत सारख्याच लांबीचे घेत. पण पीळ दिल्यावर बाहेरच्या सुताला वळसा घेत लांबचा मार्ग आक्रमावा लागतो आणि आतल्या सुताला जवळचा. परिणामी बाहेरचे सूत ताठ आणि आतले ढिले राही. भार आला की तो प्रथम बाहेरच्या सुतावर पडे. ते लांबे वा तुटे, आणि मग आतल्याची पाळी येई. १७९३ साली हडार्ट ह्यांनी जे पेटंट घेतले त्यात प्रत्येक सूत स्वतंत्र रिळावरून, भोके पाडलेल्या पत्र्यातून ओढून घेण्याची योजना होती. त्यामुळे ज्या सुताला जेवढी लांबी हवी तेवढीच मिळे.

हडार्ट ह्यांच्या ह्या कामातून निघणारा बोध पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे. दोराची दैर्घ्यवृद्धी ही दोन निरनिराळ्या गोष्टींची बेरीज असते. एक वृद्धी तंतूच्या द्रव्याची आणि दुसरी रचनेची. द्रव्य मुळीच लांबले नाही, तरी रचना बसकी झाल्याने दोर लांबू शकतो.

३. लोखंडी तारेचा प्रवेश

तारेचा दोर समुद्रावर आला तो खाणीतून. जर्मनीतील हार्ट्‌स पर्वतातल्या रुप्याच्या खाणींत खनिज वर ओढण्यासाठी वाखाचे दोर व लोखंडी साखळ्या वापरीत. साखळीची एक कडी तुटली की सर्वनाश होई. क्लाउस्टाल येथील खाणखात्याचे अधिकारी विल्हेल्म आल्बेर्ट ह्यांनी साडेतीन मिलिमीटर जाडीच्या चार लोखंडी तारांची एक लड, आणि अशा तीन लडींचा एक दोर वळून घेतला. जुलै १८३४ मध्ये कारोलिने नावाच्या खाणीत तो प्रथम कामाला लावण्यात आला. साखळीच्या एका कडीवर सर्व भार असतो. ह्या दोरात बारापैकी एक तार तुटली तरी उरलेल्या अकरा भार सांभाळीत.

इंग्लंडमध्ये अँड्र्यू स्मिथ ह्यांनी १८३५ च्या सुमारास तारेचे दोर जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी वापरण्याचा पुरस्कार केला, तर रॉबर्ट न्यूअल ह्यांनी १८४० साली गाभ्याभोवती लडी वळण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल ह्यांनी लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा लेप चढविण्याची कृती पेटंट केली होती. तिच्यामुळे खाऱ्या हवेत तार टिकण्याची सोय झाली. तेवढ्याच बळाचा तारेचा दोर वाखाच्या दोरापेक्षा पुष्कळच बारीक असल्यामुळे वाऱ्याला अडथळाही कमी होई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या जहाजांवरील आधारदोर जवळजवळ सर्वत्र तारेचे झाले.

आता जुन्या सवयीचे सामर्थ्य पाहा. १८६९ साली स्कॉटलंडमधील डम्बार्टन येथे बांधलेल्या ‘कटी सार्क’ ह्या सुप्रसिद्ध चहावाहू जहाजाचे आधारदोर तारेचे आहेत. परंतु त्यांच्या खालच्या टोकाशी तेच तीन भोकांचे लाकडी ठोकळे आणि तोच वाखाचा ओवणदोर आहे. तार फार ताठ. धक्का बसला तर तो सोसण्यासाठी थोडी लवचीकता हवी, आणि प्रसंगी डोलकाठी तोडून टाकावी लागली तर ओवणदोर कुऱ्हाडीने कापता येतो, अशी ह्या पद्धतीची समर्थने दिली जात. ती अगदीच निराधार होती असे नाही. परंतु त्यामुळे एक घोटाळा झाला. अशा जहाजाचा आधार सैल पडला तर लांबलेला असे तो मुख्यतः वाखाचा ओवणदोर, आणि काही अंशी तारेच्या दोरातील चेपला गेलेला वाखाचा गाभा. खलाशी मात्र म्हणे, ‘तार ताणली’. दुहेरी आट्यांचे लोखंडी पेच, ज्यांना टर्नबकल म्हणतात, ते पुढे सर्रास आले आणि ओवणदोर गेला. परंतु तोपर्यंत ते वाक्य रूढ होऊन बसले होते.

४. व्हिका ह्यांचा प्रयोग

ज्या १८३४ साली आल्बेर्ट ह्यांचा दोर खाणीत उतरला, त्याच साली फ्रान्समध्ये लुई व्हिका ह्या स्थापत्यविशारदाने एक छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला. सिमेंटवरील संशोधनामुळे व्हिका ह्यांचे नाव स्थापत्यशास्त्रात आजही घेतले जाते. हा निबंध त्या मानाने अपरिचित राहिला. त्या काळी फ्रान्समध्ये लोखंडी तारांवर तोललेले झुलते पूल बांधले जात होते. अशा तारांवर वर्षानुवर्षे भार राहिला तर त्या हळूहळू लांबत जातील काय, हा प्रश्न व्हिका ह्यांना पडला. त्यांनी लोखंडी तारा टांगल्या आणि त्यांवर त्यांच्या भंगभाराच्या, म्हणजे ज्या भाराने तार तुटते त्याच्या, अनुक्रमे एक चतुर्थांश, एक तृतीयांश, निम्मा व तीन चतुर्थांश इतका भार लावून ३३ महिने त्यांचे निरीक्षण केले.

निष्कर्ष असा निघाला की ज्या तारेवर एक चतुर्थांश भार होता, ती प्रारंभीच्या वृद्धीनंतर पुढे लांबली नाही. त्याहून अधिक भाराच्या तारा मात्र काळानुसार सावकाश लांबत गेल्या. जितका भार अधिक, तितकी वृद्धीही अधिक. स्थिर भाराखाली काळाच्या ओघात होणाऱ्या ह्या मंद वृद्धीस आज विसर्पण म्हणतात. धातूंच्या विसर्पणाचा पहिला पद्धतशीर अभ्यास म्हणून व्हिका ह्यांच्या निबंधाचा उल्लेख केला जातो. पुढे १९१० साली अँड्रेड ह्यांनी इंग्लंडमध्ये शिशाच्या तारांवर प्रयोग करून विसर्पण व काळ ह्यांचा गणिती संबंध मांडला. शिसे हा धातू मुद्दाम निवडण्यासारखाच होता. कारण तो अल्प तपमानाला वितळतो, आणि म्हणून नेहमीच्या खोलीतही त्याचे विसर्पण डोळ्यांनी मोजता येते. धातूचे निरपेक्ष तपमान त्याच्या वितळबिंदूच्या सुमारे दोनपंचमांशाच्या वर गेले म्हणजे विसर्पण प्रभावी होते, असा एक ठोकताळा आहे. अगंज पोलाद सुमारे १४०० अंश सेल्सिअसला वितळते. ह्या हिशेबाने त्याच्या बाबतीत ती मर्यादा ४०० अंशांच्या आसपास येते. कोणत्याही समुद्रावर इतकी उष्णता संभवत नाही.

व्हिका ह्यांच्या तारा साध्या लोखंडाच्या होत्या. त्यांवरून अगंज पोलादाविषयी सरळ अनुमान काढणे योग्य होणार नाही. तथापि एक योगायोग लक्षणीय आहे. क्रीडानौकेच्या बाजूच्या आधारतारांवर त्या उभारताना जो ताण दिला जातो, तो सामान्यतः भंगभाराच्या १५ ते २० टक्के असतो. म्हणजे व्हिका ह्यांनी निर्धोक ठरविलेल्या चतुर्थांशाच्या आतच तो राहतो.

५. अगंज पोलाद

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गंज न चढणारे पोलाद जवळजवळ एकाच वेळी दोन ठिकाणी सिद्ध झाले. जर्मनीत क्रुप कारखान्यातील श्ट्राउस व माउरर ह्यांनी १९१२ साली क्रोमियम व निकेल मिसळलेल्या पोलादाचे पेटंट घेतले. १९१३ साली शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली ह्यांनी केवळ क्रोमियमयुक्त असे पोलाद तयार केले. १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल हे आज सर्वपरिचित असलेले प्रमाण १९२४ साली शेफील्डच्याच हॅटफील्ड ह्यांनी रूढ केले. समुद्रावर वापरावयाच्या पोलादात ह्याखेरीज दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम घालतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर क्रीडानौकांचे स्वरूप झपाट्याने पालटले. लाकडी डोलकाठ्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या पोकळ डोलकाठ्या आल्या, लाकडी अंगाच्या जागी काचतंतू व राळ ह्यांचे अंग आले, आणि जस्तलेपित तारेच्या जागी अगंज तार आली. ह्या तारेची रचना वाखाच्या दोराहून व आल्बेर्ट ह्यांच्या दोराहूनही निराळी आहे. मध्ये एक तार, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा, अशा एकूण १९ तारांची ही एकच लड असते. वाखाचा गाभा नाही, लडींवर लडी नाहीत. हडार्ट ह्यांनी जो दोष दाखविला होता, त्याला येथे फारच थोडा वाव उरतो.

थोडा वाव मात्र उरतोच. नवी तार प्रथम ताणली जाते तेव्हा नागमोडी वळसे घेतलेल्या तारा किंचित सरळ होतात, एकमेकींवर दाबल्या जातात व त्यांच्या स्पर्शबिंदूंपाशी सूक्ष्म चपटेपणा येतो. ह्या रचनागत वृद्धीमुळे नव्या तारा पहिल्या काही जोरदार सफरींनंतर पुन्हा आवळाव्या लागतात. ही क्रिया लवकरच संपते आणि पुन्हा होत नाही.

ह्याउलट स्थितिस्थापक वृद्धी प्रत्येक वेळी होते आणि भार उतरताच नाहीशी होते. तिचे मान इतके नियमित आहे की नौका सजविणारे कारागीर तिचाच मापनासाठी उपयोग करतात. १९ तारांच्या लडीवर दोन मीटर अंतर मोजून खूण करावी; पेच आवळताना ते अंतर एक मिलिमीटरने वाढले, की तारेवर तिच्या भंगभाराच्या सुमारे ५ टक्के ताण आला असे समजावे. तार जाड असो वा बारीक, हे प्रमाण बदलत नाही. ह्या नियमाने दहा मीटर लांबीची तार २० टक्के भाराखाली सुमारे २० मिलिमीटर लांबते.

६. मग सैल काय पडते?

पहिल्या हंगामानंतरही वर्षानुवर्षे आधारतारा सैल पडत असतील, तर त्याचा अर्थ काय? समजा, दहा मीटर लांबीची तार दोन्ही बाजूंना दर वर्षी दोन वेढे आवळावी लागते. अर्धा इंची पेचाला इंचात २० आटे असतात आणि एका वेढ्यात दोन्ही टोके जवळ येतात. म्हणजे प्रत्येक वेढ्याला सुमारे अडीच मिलिमीटर. पाच वर्षांत ही बेरीज २५ मिलिमीटर होते. वरील नियमाप्रमाणे एवढी लांबी वाढण्यास भंगभाराच्या चतुर्थांशाइतका ताण लागतो, आणि ताण उतरताच ती लांबी परत गेली पाहिजे. ती परत न जाता कायम राहिली असेल, तर तारेचे द्रव्य कायमचे विकृत झाले असे मानावे लागेल. आणि त्यासाठी नित्याच्या भाराच्या कित्येक पट भार यावा लागतो.

अर्थात तारेची लांबी तीच राहिली आहे आणि तिच्या दोन टोकांमधील अंतर कमी झाले आहे, हे अनुमान अधिक सयुक्तिक ठरते. आधारतारा डोलकाठीला खाली दाबत असतात. डोलकाठीच्या बुडाशी असलेली बैठक वा तिच्याखालचा खांब ओलाव्याने कुजला, किंवा दाबाखाली बसला, तर डोलकाठी खाली उतरते. ती जितकी उतरते, जवळजवळ तितक्याच प्रमाणात बाजूच्या तारा सैल पडतात. नौकेच्या अंगातील राळ हे तर असे द्रव्य आहे की ज्याचे विसर्पण नेहमीच्या तपमानातही होते. वर्षानुवर्षे ताणाखाली असलेले अंग किंचित वाकते. धातूवर ज्याचा आळ घेतला जातो ते विसर्पण प्रत्यक्षात नौकेच्या शरीरात चाललेले असते.

तपमानाचाही थोडा भाग आहे. २० अंशांच्या फरकाने दहा मीटर अगंज तार ३.२ मिलिमीटर लांबते, ॲल्युमिनियमची तेवढीच डोलकाठी ४.६ मिलिमीटर, आणि लाकडी डोलकाठी जेमतेम एक मिलिमीटर. म्हणून ॲल्युमिनियमच्या डोलकाठीच्या तारा थंडीत सैलावतात, तर लाकडी डोलकाठीच्या तारा उन्हात. हा फरक येतो आणि जातो. त्याची बेरीज होत नाही.

उरतो तो सर्वांत गंभीर प्रकार. एकाच बाजूची एकच तार सैल पडत असेल, तर ती टोकाच्या धातूच्या नळीतून निसटत असण्याचा किंवा तिच्या १९ तारांपैकी काही तुटल्या असण्याचा संभव असतो. नळीच्या तोंडाशी खारे पाणी साचते, हवा पोहोचत नाही, आणि अगंज पोलादाचे रक्षण करणारा क्रोमियमच्या ऑक्साइडचा पापुद्रा तेथे टिकत नाही. त्यातच प्रत्येक लाटेसरशी तार हेलकावे खाते. अशा ठिकाणी पडणारी चीर बाहेरून दिसत नाही. नळीच्या तोंडाशी तारेवर रंगाची खूण केली, तर निसटणारी तार तरी वेळीच ओळखू येते; चिरेसाठी मात्र भिंग घेऊन पाहणे आणि दहा-बारा वर्षांनी तारा बदलून टाकणे, हाच प्रघात पडला आहे.

येथे जुन्या वाक्याचा धोका स्पष्ट होतो. वाखाचा दोर झिजला की तो लांबे, त्याचे सूत पिंजारे, आणि हाताला ते कळे. लांबणे ही त्याची पूर्वसूचना होती. अगंज तार थकली तरी लांबत नाही. ती शेवटपर्यंत आपली लांबी राखते आणि एके दिवशी एकदम तुटते. ‘तार ताणली’ असे म्हणून पेच आवळणारा खलाशी वाखाची भाषा पोलादाला लावीत असतो. कुजणाऱ्या बैठकीवर तो अधिक दाब देतो, आणि चिरलेल्या तारेवर अधिक ताण.

७. समारोप

ह्या इतिहासाला अलीकडे एक नवे वळण लागले आहे. १९७९ साली नेदरलंड्समधील डी. एस. एम. कंपनीच्या स्मिथ व लेम्स्ट्रा ह्या संशोधकांनी अत्यंत दीर्घ रेणूंच्या पॉलिएथिलीनपासून बळकट धागा काढण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. डायनीमा ह्या नावाने ओळखला जाणारा हा धागा वजनाच्या मानाने पोलादाहून कितीतरी बळकट असून तो गंजत नाही. काही नौकांवर तारेऐवजी त्याचे आधारदोर लावले जातात. परंतु त्याचा एक गुण, किंवा दोष, असा की स्थिर भाराखाली नेहमीच्या तपमानातही त्याचे विसर्पण होते. म्हणून तो केवळ बळाच्या हिशेबाने निवडून चालत नाही. विसर्पण मर्यादेत राहावे यासाठी गरजेपेक्षा जाड घ्यावा लागतो आणि अधूनमधून आवळावा लागतो. तो आवळण्यासाठी अशा अनेक नौकांवर भोके पाडलेले ठोकळे आणि ओवणदोर परत आले आहेत. फरक एवढाच की लाकडाच्या जागी ॲल्युमिनियम आले आहे.

अशा नौकेवरचा खलाशी ‘दोर ताणला’ असे म्हणेल, तेव्हा ते शब्दशः खरे असू शकेल, जसे ते ‘त्रिंकोमाली’वरील खलाशाच्या तोंडी खरे होते. शेजारच्या धक्क्यावर अगंज तारांची नौका उभी असेल, तर तिच्या मालकाने मात्र ते वाक्य उच्चारण्यापूर्वी पेचावरचा हात काढून घ्यावा, खाली वाकून डोलकाठीची बैठक पाहावी, आणि मग प्रत्येक तारेचे टोक भिंगाखाली धरावे.